विमान पडले कशामुळे?

रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालवायची छोटी विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या मैदानावर एक वाक्य हमखास ऐकू येते. दीड-दोन मीटर पंखांचे एखादे विमान छान घिरट्या घालत असते. मध्येच ते एका अंगावर कलते, नाक खाली घालते आणि बांधापलीकडच्या गवतात जाऊन आपटते. सगळे त्या दिशेने चालू लागतात. हातात ट्रान्समीटर धरलेला माणूस म्हणतो, "सिग्नल गेला!" बाकीचे माना डोलावतात. वाद कोणी घालत नाही, कारण उद्या हेच वाक्य आपल्यालाही लागणार असते.

हे वाक्य कितपत खरे मानायचे, हे साल पाहून ठरवावे लागते. १९३८ साली ते बहुधा खरे होते. १९८० साली त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. आज मात्र ते क्वचितच खरे असते. विमानविद्येचा इतिहास आपण एरवी यशस्वी उड्डाणांच्या तारखांमधून शिकतो आणि शिकवतो. या लेखात उलट्या बाजूने जाऊ. छोटी विमाने कोणत्या कारणांनी पडत आली आणि एक कारण दूर झाल्यावर त्याच्या आड लपलेले दुसरे कसे पुढे आले, ते पाहू.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १८ ऑगस्ट १८७१ रोजी तिथल्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने एक मॉडेल उडवून दाखवले. पंखांची लांबी ४५ सेंटिमीटर, वजन फक्त १६ ग्रॅम आणि पंखा फिरवायला पिळलेला रबर. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. आकडे किरकोळ वाटतात, पण हे मॉडेल सरळ आणि स्थिर उडाले, आणि तेही कोणी हात न लावता. कमरेच्या दुखण्यामुळे पेनोला कुबड्या घेऊन चालावे लागे. नौदलात जाण्याचे स्वप्न त्याने आधीच सोडून दिलेले होते.

त्याची युक्ती शेपटीत होती. मुख्य पंखाच्या तुलनेत शेपटीची आडवी पट्टी त्याने किंचित उलट्या कोनात बसवली, म्हणजे उडताना हवा शेपटीला थोडी खाली दाबत राही. आता समजा विमानाचे नाक खाली गेले. वेग वाढतो, वेग वाढला की शेपटीवरचा दाब वाढतो, शेपटी खाली जाते आणि नाक आपोआप वर येते. नाक फार वर गेले तर वेग कमी होतो, शेपटीवरचा दाब सैल पडतो आणि नाक पुन्हा खाली येते. पंखांची टोकेही त्याने वर वळवली होती. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. तेव्हा खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते आणि तो पंख पुन्हा वर उचलला जातो. थोडक्यात, विमानाचा तोल सांभाळायचे काम पेनोने विमानाच्या आकारावरच सोपवले होते.

हे वर्गात करून पाहता येते. थर्मोकोलच्या पातळ पत्र्याचे ग्लायडर करा, नाकावर कागदाची क्लिप लावा आणि शेपटीची मागची कड किंचित वर वाका. क्लिप न लावता फेकले तर ग्लायडर नाक वर करते, थबकते आणि कोसळते. क्लिप पुढे-मागे सरकवत गेलात की एका जागी ते संथपणे तरंगू लागते. गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ असणाऱ्या मुलांनाही ही जागा हाताने शोधताना मजा येते.

पेनोच्याच रबरी तत्त्वावर चालणारे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी घरी आणले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑरव्हिल सात वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. मग या भावांनी तशीच खेळणी स्वतः बनवायला घेतली, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठी. मोठे खेळणे जास्त चांगले उडेल, ही त्यांची समजूत. घडले उलटेच. आकार वाढत गेला तसे उड्डाण बिघडत गेले. दुप्पट आकाराच्या यंत्राला कितीतरी पट जास्त शक्ती लागते, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, असे पुढे मोठेपणी दोघांनी लिहून ठेवले आहे.

या ठिकाणी थोडे गणित करू, कारण पुढची बरीच पडझड त्यातून समजते. एखाद्या विमानाची लांबी, रुंदी, उंची अशी सगळी मापे दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण घनफळ आणि म्हणून वजन आठपट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येतो. पंख विमानाला उचलून धरतो ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून हा दुप्पट भार पेलायला वेग सुमारे १.४ पट हवा. चिमणी टुणकन उडी मारून हवेत जाते, पण गिधाडाला जमिनीवरून उठताना धावत जाऊन जोर घ्यावा लागतो, त्याचे कारण हेच. आता हे विमान पडले तर? गतिज ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वस्तुमान आठपट, वेगाचा वर्ग दुप्पट, म्हणजे आपटताना सोळापट ऊर्जा. छोटे विमान सकाळी पडले तर संध्याकाळपर्यंत गोंद लावून पुन्हा उडते. दुप्पट मोठ्या विमानाचे तुकडे पोत्यात भरून आणावे लागतात.

आकाराच्या या नियमाने एका नामवंत शास्त्रज्ञालाही अडवले. सॅम्युएल लँगली हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांनी रबरावर चालणारी अनेक मॉडेले केली, मग वाफेच्या छोट्या इंजिनाकडे वळले. कित्येक मॉडेले मोडल्यावर ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीतल्या एका नौकेच्या छपरावरून सोडलेले त्यांचे पाचव्या क्रमांकाचे मॉडेल सुमारे एक किलोमीटर उडाले आणि अलगद पाण्यावर उतरले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते. त्यांनी त्याचे छायाचित्रही घेतले. ते विमानही स्वतःचा तोल स्वतःच सांभाळणारे होते, कारण त्यात सांभाळायला कोणी नव्हतेच.

पुढे अमेरिकेच्या युद्धखात्याने माणूस नेणारे विमान करण्यासाठी लँगलींना ५०,००० डॉलर दिले. त्यांनी मॉडेलचीच रचना सुमारे साडेतीन पट मोठी केली. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ अशा दोन्ही वेळा ते विमान नौकेवरून निघाले ते थेट नदीत पडले. चालक चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा वाचला. लँगलींनी दोष विमान फेकणाऱ्या यंत्रणेला दिला. सांगाडाच त्या भाराला पुरा पडला नाही, असे इतर अनेकांचे मत आहे. मला स्वतःला दुसरे मत पटते, कारण मॉडेलमध्ये भक्कम ठरलेली काठी आकार वाढवल्यावर तेवढी भक्कम राहत नाही, हे आत्ताच आपण पाहिले. दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले. त्यांनी पेनो आणि लँगली यांच्यापेक्षा वेगळी वाट धरली होती. त्यांचे विमान स्वतःहून स्थिर नव्हते. तोल चालकाने सांभाळायचा होता, सायकलवर आपण सांभाळतो तसा.

इथून दोन वाटा फुटल्या. माणूस बसलेल्या विमानात चालक आला. मॉडेलमध्ये चालक बसू शकत नव्हता, म्हणून ती आणखी तीन दशके पेनोच्याच भरवशावर उडत राहिली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बिल ब्राऊन या तरुणाने मॉडेलसाठी पेट्रोलचे छोटे इंजिन तयार केले आणि नवीनच अडचण उभी राहिली. इंजिन चालवून सोडून दिलेले विमान उत्तम उडे आणि वर जाणाऱ्या उबदार हवेच्या झोतात सापडले तर परत येतच नसे! मालक सायकलवरून किंवा मोटारीतून त्याच्या मागे धावत. पडलेल्या विमानाचे निदान तुकडे तरी मिळतात.

या सुटून जाणाऱ्या विमानाला वेसण घालण्यासाठी रेडिओ आला. दुरून रेडिओने यंत्र चालवण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. निकोला टेस्ला यांनी १८९८ सालीच न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. पण बोट जड बॅटरी वाहू शकते, मॉडेल विमानाला ते ओझे झेपत नाही. मिशिगन राज्यातल्या कॅलमॅझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास हे जमवले. दोघेही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. वॉल्टर विमाने बांधण्यात तरबेज, विल्यम हौशी बिनतारीवाला. सुमारे अडीच मीटर पंखांच्या त्यांच्या विमानाचे नाव होते 'गफ'. पुढच्या काही वर्षांत त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. आज ते स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

त्या काळातला रेडिओ विमानाला किती कमी सांगू शकत होता, ते समजून घेण्यासारखे आहे. ट्रान्समीटरवर एकच बटण असे. बटण दाबले की विमानातल्या रिसिव्हरमधला एक रिले खटका ओढी आणि पिळलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू एका बाजूला वळे. सोडले की मध्ये येई. पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला वळे. डावे, मध्य, उजवे, मध्य, असा क्रम ठरलेला. शेवटचे वळण कोणते दिले होते ते उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचे. विसरला किंवा इंजिनाच्या हादऱ्याने खटका एक घर पुढे सरकला, की डावीकडचे विमान उजवीकडे जाई. नाक वर-खाली करायची सोय नव्हतीच. त्यासाठी अजूनही पेनोची शेपटी होती! काचेच्या नळ्यांचे रिसिव्हर हादऱ्याने बिघडत, बॅटऱ्या थंडीत मान टाकत. त्या काळात "सिग्नल गेला" म्हणणाऱ्यावर शंका घेणे अन्यायाचे झाले असते.

याच सुमाराला हॉलिवूडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा एक ब्रिटिश नट मॉडेल विमानांचे दुकान चालवत होता. त्याच्या डोक्यात आले की तोफखान्याच्या सैनिकांना नेमबाजी शिकवायला रेडिओवर चालणारी छोटी विमाने द्यावीत. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने अशी हजारो विमाने अमेरिकन सैन्याला पुरवली. जगातली बहुधा ही पहिलीच विमाने, जी पाडली जावीत म्हणूनच मोठ्या संख्येने बनवली गेली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन नावाच्या मुलीचे छायाचित्र सैन्याच्या एका छायाचित्रकाराने घेतले आणि तिचे नशीब पालटले. जगाला ती मेरिलिन मन्रो म्हणून माहीत आहे. त्याआधी १९३५ पासून ब्रिटनमध्ये अशाच कामासाठी 'क्वीन बी' म्हणजे राणीमाशी नावाचे विमान वापरात होते. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला 'ड्रोन' हा शब्द, ज्याचा अर्थ नर मधमाशी, तिच्यावरूनच आला असे मानले जाते.

युद्धानंतर सुधारणा झाली ती एका मजेदार यंत्राने. हार्मोनियमच्या पेटीत वेगवेगळ्या लांबीच्या धातूच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला असतो. १९५० च्या दशकातल्या रिसिव्हरमध्ये अशाच पट्ट्यांची छोटी रांग असे. ट्रान्समीटरमधून एक विशिष्ट सूर पाठवला की त्याच सुराची पट्टी अनुनादाने थरथरू लागे, बाजूच्या संपर्काला टेके आणि त्या पट्टीचे काम होई. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, एक नाक वर, एक नाक खाली. आता शेपटी माणसाच्या हातात आली. पण प्रत्येक हालचाल पूर्ण किंवा शून्य. थोडेसे वळायचे असेल तर खटका टकटक वाजवत राहायचे. मोटारीचे चाक एकतर सरळ, नाहीतर पूर्ण वळवलेले, अशी कल्पना करा.

हा दोष १९६० च्या दशकात गेला. दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलावे, यासाठी सर्व्हो नावाची छोटी मोटर आली. तिला सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचा एक स्पंद पाठवतात. तो दीड मिलिसेकंद लांब असेल तर सुकाणू मध्यावर, एक मिलिसेकंद असेल तर एका टोकाला, दोन असेल तर दुसऱ्या टोकाला. आज शाळांच्या प्रयोगशाळांत मुले रोबोचा हात फिरवायला निळ्या रंगाची जी इवलीशी सर्व्हो मोटर वापरतात, तिची भाषा हीच आहे. साठ वर्षांत ती बदललेली नाही.

मॉडेलवर आता एवढा ताबा मिळाला की खऱ्या विमानांचे धोकादायक प्रयोग त्यावर करता येऊ लागले. कॅलिफोर्नियात नासाच्या एडवर्ड्स इथल्या केंद्रात डेल रीड नावाचे अभियंता होते, स्वतः मॉडेल उडवण्याचे हौशी. पंखच नसलेले, नुसत्या पोटाच्या आकारावर तरंगणारे यान उडू शकते हे वरिष्ठांना पटवण्यासाठी १९६२ मध्ये त्यांनी घरी त्याचे छोटे मॉडेल केले आणि रेडिओवर चालणाऱ्या दुसऱ्या मॉडेलने ते ओढून वर नेले. चित्रीकरण त्यांच्या पत्नीने घरच्या कॅमेऱ्यावर केले. ती फिल्म पाहून प्रकल्पाला मान्यता मिळाली. त्याच केंद्रात १९७३ पासून एफ-१५ या लढाऊ विमानाचे तीन-अष्टमांश आकाराचे मॉडेल मोठ्या विमानातून सोडून मुद्दाम गरगरत खाली येऊ दिले जाई. चालक जमिनीवर खुर्चीत बसलेला असे. जिवाला काही धोका नसूनही अशा वेळी त्याची नाडी खऱ्या उड्डाणापेक्षा जोरात चाललेली आढळली, याचे मला नवल वाटत नाही.

हौशी मैदानावर मात्र सिग्नल अजूनही जात होता, पण वेगळ्या कारणाने. उपकरणे सुधारली, स्वस्त झाली, उडवणारे वाढले. एकाच वारंवारतेवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले की हवेत असलेल्या विमानाला दोन मालक होत आणि ते कोणाचेच ऐकत नसे. यावर जो उपाय निघाला त्यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नव्हते. मैदानाच्या कडेला एक फळी आणि तिच्यावर क्रमांक घातलेले कपडे वाळत घालायचे चिमटे! आपल्या वारंवारतेचा चिमटा ज्याच्या हातात, त्यानेच ट्रान्समीटर सुरू करायचा. बाकीच्यांनी थांबायचे. रेल्वेच्या एकेरी मार्गावर चालकाला गोळा दिल्याशिवाय गाडी सोडत नसत, तोच हा प्रकार. कित्येक विमाने या चिमट्यांनी वाचवली, आणि चिमटा न घेता बटण दाबणाऱ्या घाईगर्दीच्या माणसाने कित्येक पाडली.

२००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झची नवी उपकरणे आली आणि चिमटे अडगळीत गेले. ती एका वारंवारतेला चिकटून बसत नाहीत. काही सेकंदाला अनेक वेळा जागा बदलतात, काही संदेश रुंद पट्ट्यावर पसरतात, आणि प्रत्येक रिसिव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची खूण ओळखतो. वारंवारता बदलत राहण्याच्या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडचीच अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना मिळाले होते, पाणतीर चालवण्यासाठी. आजची सगळी बिनतारी साधने त्यातूनच निघाली, असे कधीकधी सांगतात ती अतिशयोक्ती आहे. पण नोंद करण्यासारखी गोष्ट आहे खरी.

सिग्नल जाणे असे जवळजवळ थांबले. तरी विमाने पडायची थांबली का? मुळीच नाही. बॅटरी चार्ज करायला विसरणे, उलटे जोडलेले सुकाणू, वाऱ्याकडे पाठ करून उतरणे ही कारणे आहेतच. पण नवशिक्यांना सगळ्यात जास्त दगा देते ते कारण आधीपासून तिथेच होते.

कवायत घेणाऱ्या शिक्षकांना ते लगेच समजेल. मुलांकडे तोंड करून "उजवा हात वर" म्हणताना तुम्ही स्वतःचा डावा हात वर करता, कारण समोरच्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे असते. सवयीने जमते, पण पहिल्या दिवशी गोंधळ होतो. विमान तुमच्यापासून दूर जात असते तोवर त्याचे उजवे ते तुमचे उजवे. ते वळून तुमच्याकडे येऊ लागले की सगळे उलटे. विमान तुमच्या डावीकडे कलताना दिसते, तुम्ही घाईने दांडी उजवीकडे नेता, आणि ते आणखी कलते. मग तुम्ही दांडी आणखी उजवीकडे नेता. सेकंदाला १५ मीटर वेगाने ३० मीटर उंचीवरून खाली यायला दोनच सेकंद लागतात. तेवढ्यात विचार करून उलटी बाजू काढणे मेंदूला जमत नाही. विमानात बसलेल्या चालकाला ही अडचण येतच नाही. माणूस जमिनीवर राहून उडवू लागला तेव्हाच ती जन्माला आली, आणि आधीची ढोबळ कारणे दूर होईपर्यंत झाकलेली राहिली.

जुने उडवणारे नवशिक्याला एक तोडगा सांगतात. विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली गेलेला दिसेल, त्या बाजूला दांडी न्या, जणू त्या पंखाखाली काठीचा टेकू देत आहात. डावे-उजवे हे शब्दच डोक्यातून काढायचे. दुसरा उपाय म्हणजे दोन ट्रान्समीटर तारेने जोडणे. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याने खटका दाबून धरला असेल तोवर विमान शिष्याचे, सोडला की गुरूचे. खटका सोडायचा कधी, हा मोठा कठीण प्रश्न असतो. लवकर सोडला तर शिष्याला स्वतः सावरणे कधीच येत नाही. उशीर झाला तर दोघे मिळून तुकडे गोळा करतात. अलीकडे संगणकावर सराव करता येतो आणि तिथे पडलेले विमान एका कळीने पुन्हा उभे राहते. त्याने बोटे तयार होतात. मैदानावर मात्र गुडघे थरथरतात ते थरथरतातच.

ही हौस निरुपद्रवी आहे, असे मात्र समजू नये. फिरणारा पंखा बोट सहज कापतो, आणि चार-पाच किलोचे विमान माणसाच्या अंगावर आले तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच मैदानावर उडवण्याची बाजू आणि माणसांनी थांबण्याची बाजू यांच्यामध्ये रेघ असते आणि ती ओलांडणाऱ्यावर लोक खरोखरच ओरडतात. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. ज्यांच्या शाळेत अशी तुकडी आहे, त्यांनी मुलांना सरावाला एकदा प्रेक्षक म्हणून, रेघेच्या अलीकडे, जरूर न्यावे.

या सगळ्या कारणांना एकाच उड्डाणात तोंड देणारा एक माणूस होऊन गेला. मेनार्ड हिल हे धातुशास्त्रज्ञ, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेत वॉल्टर गुड यांनी काम केले तिथलेच. मॉडेल विमानाने अटलांटिक ओलांडायचा त्यांनी ध्यास घेतला. वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी जवळजवळ गेलेली, कानही अधू. बाल्सा लाकूड हाताने चाचपत ते विमाने बांधत. आंतरराष्ट्रीय नियमांमुळे विमान इंधनासह पाच किलोच्या आत बसवायचे होते. समुद्रावर ते दिसणार नव्हते, तेव्हा डावे-उजवे ठरवायला उपग्रहांवरून दिशा घेणारा स्वयंचलित चालक बसवला. माणसाने फक्त उडवून द्यायचे आणि उतरवून घ्यायचे. २००२ सालचे प्रयत्न फसले. २००३ मध्येही आधीचे एक विमान समुद्रातच राहिले.

९ ऑगस्ट २००३ रोजी संध्याकाळी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून त्यांचे पाचवे विमान निघाले. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन याच बेटावरून निघून न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले वैमानिक ठरले होते. आयर्लंडमधल्या क्लिफडेन गावाजवळ उतरताना हिरवळ समजून त्यांनी विमान दलदलीत घातले आणि ते नाकावर उभे राहिले. हिल यांचे विमान ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे ३,००० किलोमीटर उडून, त्याच क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर दिसू लागले. तिथे ट्रान्समीटर घेऊन उभ्या असलेल्या डेव्ह ब्राऊन यांनी ताबा घेतला. विमान त्यांच्याकडे तोंड करून येत होते. त्यांनी ते वळवले, फेरी मारली आणि गवतावर उतरवले. मोडले काहीच नाही.